मानाचा खिळा

रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास चंदरने नव्या घराचा मेन स्विच वर केला आणि तो खट्‌कन आपणहून खाली पडला.

टाळ्या वाजवायला मंडळी तयारच होती. चंदरच्या थोरल्या वहिनींचे, जयंतीवहिनींचे, हात तर अर्ध्यावर आलेही होते. ते त्यांनी तसेच पदराकडे वळवले. चंदरने बोर्डाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा स्विच वर केला. पुन्हा खट्.

"बाबा, हात काढ तिथून," रुचिका म्हणाली. "तिसऱ्यांदा नको."

"लूज असेल गं."

"लूज नाहीये. कुठेतरी वीज गळतेय, म्हणून ब्रेकर पडतोय. हात काढ."

चंदरने हात काढला. दीड वर्ष तो या हातांनी राबला होता. होड्यांचा सुतार म्हणून अख्ख्या मढ गावात त्याला मान होता, पण घर बांधणं निराळं असतं हे त्याला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं. होडीला सरळ भिंत नसते आणि घराला वाकडी चालत नाही. तरी दारं, खिडक्या, माळा, जिना, देवघर, सगळं त्याने स्वतः केलं. वायरिंग रुचिकाने केलं. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून ती अंबादासकाकांच्या हाताखाली तीन वर्षं काम करत होती. त्यांच्याच परवान्यावर आणि त्यांच्याच देखरेखीखाली बापलेकीने भिंतींतून पाइप फिरवले होते. गुरुवारी अंबादासकाका येऊन मशीन लावून सगळं तपासून, सही करून गेले होते. शनिवारी संध्याकाळी मीटर बसला होता. आणि आज, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी, हे असं.

"मी सांगितलं होतं," नंदकिशोर म्हणाला.

हे कोणीतरी म्हणणारच होतं, आणि ते नंदकिशोरच म्हणणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. चंदरचा थोरला भाऊ. बँकेतून निवृत्त होऊन बोरीवलीच्या सातव्या मजल्यावर राहणारा. त्याने उभ्या आयुष्यात घरातला बल्ब स्वतः बदलला नव्हता. पण इतरांनी तो कसा बदलावा याबद्दल त्याची मतं ठाम असत.

"दीड वर्ष सांगतोय. कंत्राटदार बघ, कंत्राटदार बघ. ही काय होडी आहे, की भोक पडलं तर डांबर फासलं?"

"दादा, जरा थांब ना," चंदर हळू आवाजात म्हणाला.

"मी थांबेन रे. आई थांबेल का, ते बघ."

तेव्हा कुठे सगळ्यांनी अंगणाकडे वळून पाहिलं. पार्वतीबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. घरात त्यांनी अजून पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांची कपड्यांची पिशवी नंदकिशोरच्या गाडीच्या डिकीत होती, आणि ती तिथून निघायची की नाही हे या स्विचवर ठरणार होतं. "दिवे लागलेले बघीन, मग पिशवी उतरवीन," असं त्या बोरीवलीहून निघतानाच बोलल्या होत्या.

"काय झायलं रं?" त्यांनी विचारलं.

राधाच म्हणाली, "काही नाही आई. जरा बघतायत." राधा चंदरची बायको. सासूला परत आणायचं म्हणून तिने खालची खोली, समुद्राकडच्या खिडकीची, स्वतः रंगवली होती.

"बघतायत म्हंजे लागला नाय दिवा," पार्वतीबाई म्हणाल्या. "नंद्या, गाडी काढ."

"आई, जेवून तरी जा," राधा म्हणाली. "घोळीचं कालवण केलंय तुमच्यासाठी."

घोळ मासळीचं नाव ऐकून पार्वतीबाई क्षणभर घुटमळल्या. शहाण्या माणसाचंही घोळीपुढे काही चालत नाही.

"जेवते," त्या म्हणाल्या. "पन आत नाय. हितंच दे ताट."

*

पार्वतीबाई हट्टी होत्या असं जो म्हणेल त्याने चार वर्षांपूर्वीची ती दुपार पाहिलेली नाही.

याच जागेवर सीतारामचं, त्यांच्या नवऱ्याचं, जुनं घर होतं. मासळीच्या बर्फपेटीसाठी चंदरने बोर्डावरून एक वायर ओढली होती, जशी तो होडीवर बॅटरीपासून दिव्याला ओढायचा तशीच. दोन वायरी, एक सांधा, त्यावर काळी पट्टी. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात त्याने जाड तार भरली. मग फ्यूज उडायचा थांबला. सगळ्यांना वाटलं, चंदरने दुरुस्त केलं.

त्या दुपारी पंख्याचं बटण दाबायला गेलेल्या पार्वतीबाईंना असा झटका बसला की त्या भिंतीवर जाऊन आपटल्या. उठून बसेपर्यंत माळ्यावरून धूर यायला लागला होता. शेजाऱ्यांनी त्यांना मोरीच्या खिडकीतून बाहेर ओढलं. घर तासाभरात गेलं. जीव गेला नाही कोणाचा, पण तेव्हापासून पार्वतीबाईंनी कुठल्याही बटणाला हात लावला नव्हता. बोरीवलीच्या फ्लॅटमध्ये तिन्हीसांजेला सगळे बाहेर असले तर त्या अंधारात बसून राहत. कोणी येऊन दिवा लावला की म्हणत, "हां, आलात?" दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर तोंड नाही, घर भाजलं होतं.

चंदरवर त्यांनी कधी राग धरला नाही. पण त्याने हात लावलेल्या भिंतीवर विश्वासही ठेवला नाही. लेकराला क्षमा करणं आणि लेकराच्या वायरीखाली झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चंदरला हे आईइतकंच कळत होतं. म्हणून तर त्याने एकाही वायरीला स्वतः हात लावला नव्हता. रुचिका सांगेल तिथे भिंतीत खाच पाडायची, पाइप बसवायचा आणि बाजूला व्हायचं. एकदाच त्याने वाद घातला होता. "होडीला कुठे असते अर्थिंग? हिरवी वायर कशाला पाहिजे घरभर?" रुचिका त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने गपचूप अंगणात अर्थिंगचा खड्डा खणून दिला.

*

रुचिकाला भीती वाटत होती, पण ती बाहेर दाखवायला वेळ नव्हता. जेवणं होईपर्यंतचा तासभर तिच्या हातात होता. तिने अंबादासकाकांना फोन लावला.

"पडतोय ना? मग चांगलंय," काका म्हणाले. "पडला नसता तर काळजी. सगळे छोटे स्विच खाली कर. एकेक वर घे. ज्याच्यावर मेन पडेल तो चोर."

तिने एकेक वर घेतला. स्वयंपाकघर, काही नाही. मोरी, काही नाही. आजीची खोली, तिथे तिने श्वास रोखला, काही नाही. वरचा मजला, जिना. शेवटी हॉल.

खट्.

"हॉलमध्ये आहे," ती म्हणाली. "बाकी घर ठीक आहे. झकास आहे एकदम. फक्त हॉल."

"पण गुरुवारी अंबादासकाकांनी तपासला ना हॉल?" राधाने विचारलं.

"तपासला. शंभर टक्के ठीक होता." रुचिकाने कपाळावरचा घाम पुसला. "म्हणजे गुरुवारनंतर हॉलच्या भिंतीत कोणीतरी काहीतरी घातलंय. बाबा, तू काय केलंस गुरुवारनंतर?"

चंदरचा चेहरा उतरला. "देवघर," तो म्हणाला. "शुक्रवारी देवघर बसवलं. आठ स्क्रू."

सगळ्यांचे डोळे देवघराकडे गेले. समोरच्या भिंतीवर ते होतं, बापाच्या मोडीत निघालेल्या 'पार्वतीप्रसाद' होडीच्या सागाचं. चार महिने चंदर त्यावर खपला होता. वरच्या पट्टीवर एकवीरा आईसाठी बारीक लाटांची नक्षी होती, आणि एकही लाट दुसरीसारखी नव्हती.

"तिथून पाइप जात नाही पण," रुचिका म्हणाली.

"जात असेल. मीच चुकलो असेन." चंदर जागचा उठला. "माझ्याच हाताने होतं गं हे. मागेही झालं."

*

नंदकिशोर खिडकीशी उभा होता.

'गुरुवारनंतर हॉलच्या भिंतीत कोणीतरी काहीतरी घातलंय,' असं ती पोरगी म्हणाली, आणि तेव्हाच त्याची नजर दाराकडे गेली. दारावर त्याच्या बायकोने, जयंतीने, सकाळी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. तोरणाचं डावं टोक चंदरने चौकटीला लावलेल्या हुकात होतं. उजवं टोक चौकटीच्या बाहेर, भिंतीत, वीतभर पलीकडे एका तांब्याच्या खिळ्याला होतं. खाली त्याच रेषेत दिव्यापंख्यांचा बोर्ड.

तो खिळा कोणाचा हे घरात एकट्या नंदकिशोरला माहीत होतं.

शनिवारी दुपारी बापाचा फोटो ठेवायला तो एकटाच आला होता. चंदर सिमेंटची उरलेली पोती परत करायला मालाडला गेला होता. रिकाम्या घरात हिंडताना नंदकिशोरला कळेना की आपल्याला नेमकं काय होतंय. जिन्याचा कठडा हाताला लागला, गुळगुळीत. खिडकीची फळी ओढली. एका बोटाने सरकली. हे सगळं धाकट्याने केलं आणि आपण दीड वर्ष फक्त फोनवर बोललो.

त्यांच्या घरात एक रीत होती. नवी होडी बांधायला घेतली की पहिला खिळा घरातल्या थोरल्याने मारायचा. मानाचा खिळा. सीतारामने 'पार्वतीप्रसाद'ला मारलेला तो तांब्याचा खिळा होडी मोडताना निघाला, तेव्हा नंदकिशोरने तो मागून घेतला होता, आणि तेव्हापासून तो त्याच्या पाकिटात होता, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात. या घराच्या पायाभरणीला तो खिळा घेऊन आला होता. चंदरने खिळ्याचं नावही काढलं नाही. नंदकिशोरही काही बोलला नाही. संध्याकाळी खिळा घेऊन परत गेला आणि त्या दिवसापासून कंत्राटदाराचा जप सुरू झाला.

शनिवारी त्याने चंदरच्या पेटीतून हातोडी काढली. चौकटीत मारायचा धीर झाला नाही. इतकी सुंदर चौकट, आपल्या हाताने फाटली तर? म्हणून भिंतीत. दोन ठिकाणी खिळा आत शिरेना, वाकायला लागला. तिसऱ्या ठिकाणी मात्र चार ठोक्यांत अलगद गेला, तेव्हा नंदकिशोर स्वतःवरच खूश झाला होता. तिथे भिंत मऊ का, हा प्रश्न त्याला पडला नाही. तिथे चंदरने पाइपासाठी खाच पाडून नवं प्लास्टर भरलं होतं, म्हणून मऊ. होडीच्या घरात वाढलेल्या माणसाला लाकूड कुठे मऊ असतं ते कळतं, भिंतीचं कळत नाही.

आता गप्प बसलं तर? रुचिका शोधेल किंवा नाही शोधणार. आई गाडीत बसेल. चंदर म्हणेल, माझंच चुकलं. तो तर आत्ताच म्हणतोय.

"काय हो," जयंती शेजारी येऊन कुजबुजली, "घाम का आलाय एवढा?"

"उकडतंय."

"पंखा नाही ना," जयंती म्हणाली.

*

चंदरने पेटीतून पहार काढली होती.

"बाबा, काय करतोयस?" रुचिका ओरडली.

"देवघर उतरवतो. स्क्रू नाही निघायचे, वर पट्ट्या ठोकल्यात. मोडावंच लागेल." तो भावाकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने ते लपवलं नाही. "दादा, तू बोललास ते बरोबर होतं. बोलाव उद्या तुझा कंत्राटदार. फोडू दे भिंती. वास्तुशांत पुढे ढकलू. आईला घेऊन जा. माझ्या हाताला यश नाही रे, विजेच्या बाबतीत तर नाहीच."

"अहो!" राधा म्हणाली.

त्याने पहारीचं टोक देवघराच्या आणि भिंतीच्या फटीत सारलं. सागाने बारीकसा आवाज केला.

"चंदर, थांब!"

हा आवाज इतका मोठा होता की अंगणात पार्वतीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

नंदकिशोर हॉलच्या मधोमध येऊन उभा राहिला. बँकेत चाळीस माणसांना त्याने कामाला लावलं होतं, पण आत्ता त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"देवघराला हात लावू नकोस. मी... मी खिळा मारला."

"काय मारलास?"

"खिळा. काल. तोरणाखाली बघ. आपल्या बाबांच्या होडीचा. मानाचा."

जयंतीवहिनींच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही? खिळा? तेहतीस वर्षांत कॅलेंडर लावायला सुतार बोलावला तुम्ही!"

"मला वाटलं, चंदरभाऊजींनी तोरणासाठीच ठोकलाय," त्या राधाला म्हणाल्या. "मनात म्हटलं, वाकडा कसा काय ठोकला यांनी?"

राधाला हसू फुटलं. आधी ती तोंड दाबून हसली, मग पदर लावून, आणि मग हसता हसता रडायलाच लागली.

रुचिका मात्र हसली नाही. तिने मेन खालीच आहे ना ते पाहिलं, टेस्टर लावून दोनदा खात्री केली, तोरण सोडलं आणि पक्कड घेऊन खिळा ओढला. तो सहज बाहेर आला. टोकाजवळ तांबं काळं पडलं होतं. तिने बोर्ड उघडला, जुन्या वायरी ओढून काढल्या. लाल वायरीला आणि हिरव्या वायरीला एकाच जागी भोक होतं.

"फेजला आणि अर्थिंगला, दोन्हीला लागलाय," ती म्हणाली. "काका, बोर्डाच्या वर सरळ रेषेत कधी काही ठोकायचं नसतं. वायर तिथूनच चढते."

"मला काय ठाऊक गं."

"विचारायचं ना."

"कोणाला विचारणार? मला तरी कोणी विचारलं?" नंदकिशोर फटकन बोलून गेला आणि मग थांबला. चंदर त्याच्याकडे बघत होता.

"पायाभरणीला तू खिळा आणला होतास?" चंदरने विचारलं.

"आणला होता."

"मग दिला का नाहीस?"

"तू मागितला नाहीस."

चंदरने पहार जमिनीवर ठेवली. "मला वाटलं, तू हसशील. म्हणशील, घर आहे की होडी. तू तर तेव्हा घर बांधायच्याच विरोधात होतास."

"मी विरोधात झालो ते त्या दिवसानंतर," नंदकिशोर म्हणाला. "आधी नव्हतो."

दोघं भाऊ, एक साठीपलीकडचा आणि एक साठीच्या अलीकडचा, एकमेकांसमोर उभे राहिले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दीड वर्ष फोनवर भांडलो याची दोघांनाही एकदमच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

"मूर्ख आहेस तू," चंदर म्हणाला.

"आहेच," नंदकिशोर म्हणाला. असं त्याने पूर्वी कधी कबूल केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

*

पार्वतीबाई उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या होत्या. हात धुतलेला, पदराला पुसलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पोरी," त्या रुचिकाला म्हणाल्या, "मना एक सांग. तो तुझा डबा सारखा पडत व्हता, तो कशानं?"

"काकांच्या खिळ्याने, आजी. खिळ्यातून वीज बाहेर येत होती. ती त्या हिरव्या वायरीतून जमिनीत गेली, ब्रेकरला कळलं, तो पडला."

"आनि नसता पडला तर?"

रुचिकाने आधी काकाकडे पाहिलं. मग तिने खरं तेच सांगितलं. "तर खिळ्यात वीज राहिली असती. काकूंनी त्यालाच ओलं तोरण बांधलंय. उद्या जो कोणी ते सोडायला हात लावील, त्याला बसला असता झटका."

जयंतीवहिनींनी दोन्ही हात छातीशी नेले. नंदकिशोर खाली बसला. खुर्ची आहे की नाही हेही त्याने पाहिलं नाही. सुदैवाने स्टूल होतं.

पार्वतीबाईंनी त्या बोर्डाकडे पाहिलं. "म्हंजे जुनं घर गप बसलं," त्या म्हणाल्या. "ह्यानं आराडून सांगितलं."

"हो आजी."

"लाव तुझी वायर."

नवी वायर आणून ओढेपर्यंत दुपार टळली. एक टोक रुचिकाने धरलं, वर माळ्याजवळून चंदरने ओढलं, आणि मधे नंदकिशोर उगाचच शिडी धरून उभा राहिला. कोणी त्याला हटकलं नाही. राधाने सगळ्यांना चहा दिला. जयंतीवहिनी तोरण उन्हात धरून त्याची पानं मोजत बसल्या.

काम झाल्यावर चंदरने वाकलेला खिळा ऐरणीवर ठेवून तीन ठोक्यांत सरळ केला आणि चौकटीच्या उजव्या खांबावर, हुकाच्या अगदी समोर, गिरमिटाने बारीक भोक पाडलं. मग हातोडी भावापुढे धरली.

"चौकटीत?" नंदकिशोर म्हणाला. "फाटेल रे."

"भोक पाडलंय ना. नाही फाटणार. मार."

नंदकिशोरने मारला. पहिला ठोका चुकला आणि अंगठ्यावर बसला. दुसऱ्याला खिळा हलला. तिसऱ्याला बसला. खिळा जरासा तिरका राहिला, पण चंदरने तो सरळ केला नाही.

ऊन उतरलं होतं. समुद्राकडची खिडकी पिवळी पडली होती आणि हॉलचे कोपरे काळपट झाले होते. रुचिकाने सगळे छोटे स्विच वर घेतले, मग मेन. सगळे श्वास धरून उभे. काही झालं नाही. काहीच झालं नाही म्हणून राधाने हात जोडले.

"आजी, बघ हं, लावते दिवा," रुचिका बोर्डाकडे हात नेत म्हणाली.

"थांब," पार्वतीबाई म्हणाल्या.

त्या उंबरा ओलांडून आत आल्या. बोर्डापुढे उभ्या राहिल्या. त्यांचा हात वर आला, थांबला, पुन्हा वर आला. चंदर एक पाऊल पुढे सरकला आणि नंदकिशोरने त्याचं मनगट धरून त्याला मागे ठेवलं.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

"वरचा, पहिला."

पार्वतीबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं.

हॉलभर उजेड पडला. देवघरावरच्या लाटा एकेक करून दिसायला लागल्या. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, मग आपला हात उलटसुलट करून पाहिला. हात होता तसाच होता.

त्यांनी दिवा बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद केला, पुन्हा लावला.

"आई, बल्ब जाईल गं," नंदकिशोर म्हणाला.

"गप. तू खिले मार," त्या म्हणाल्या, आणि दिवा लागलेलाच ठेवून आतल्या खोलीकडे चालायला लागल्या. दाराशी जाऊन त्या वळल्या.

"चंदर, नंद्याच्या गाडीतनं माजी पिशवी आन. आनि राधे, त्या घोलीचं थोरं ऱ्हायलंय का बग. मगाशी नीट जेवलेच नाय मी."